अर्ध्या वाटेवरची शहरं

राहात्याला खोली भाड्यानं घ्यायला गेलो तेव्हा घरमालकांनी ना आधार कार्ड मागितलं, ना अनामत. ओट्यावर बसून ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा ओढत होते. मान वर न करताच म्हणाले, "मिसेस कुठल्या डेपोला?"

मी म्हटलं, बायको डेपोत नाही, सरकारी दवाखान्यात गुरांची डॉक्टर आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसच्या पुढच्या एका गावात. मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवणार. लग्नाला आठ महिने झालेत आणि त्यातले एकत्र काढलेले दिवस बोटांवर मोजता येतील. एवढं सगळं सांगायची काही गरज नव्हती, पण त्यांच्या विचारण्यात अशी काही सरकारी खात्री होती की मी सांगत गेलो.

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मला वाटलं, जप करतायत. "वैजापूर, संभाजीनगर, जालना, मेहकर, वाशीम, दिग्रस," असं पुटपुटून त्यांनी डोळे उघडले. "धा तास. जालन्याला न्हाईतर मेहकरला क्रॉसिंग हुतंय. खोली तुमची."

क्रॉसिंग म्हणजे काय, ते मला त्याच संध्याकाळी घरमालकीण काकूंनी सांगितलं. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची पुकार करणारा माणूस असतो ना, तो. दोन टोकांच्या दोन डेपोंतून दोन गाड्या निघतात, मधल्या एखाद्या गावी एकमेकींना भेटतात, तिथं ड्रायव्हर-कंडक्टर आपापसात गाड्या बदलतात आणि परत आपापल्या गावी मुक्कामाला जातात. ह्याला क्रॉसिंग म्हणायचं. निवृत्त झाल्यावर काकांच्या डोक्यात आलं, की हल्ली नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी अशी जोडपी घरोघरी झालीत, तर त्यांचंही क्रॉसिंग लावून द्यावं. एकानं दहा तास जाऊन दहा तास यायचं, त्यापेक्षा दोघांनी पाच-पाच तास यायचं आणि मधल्या शहरात दोन दिवस सहल करायची.

"मधल्या शहरात बघण्यासारखं काही नसलं तर?" मी विचारलं होतं.

"आसं शहर दाखवा मला," काका म्हणाले.

काका घरातही फलाटावरच्याच आवाजात बोलत. सकाळी आतून काही पडल्याचा आवाज आला की पुकार व्हायची, "काकूंचा चहा पाच मिंटं उशिरानं येत हाय, परवाशांनी नोंद घ्यावी." काकू आतून म्हणायच्या, "परवाशांनी उठून स्वतः करून घ्यावा." मग काका निमूट उठून आल्याचा तुकडा ठेचायला बसायचे. गल्लीतून कोणी बॅग घेऊन जाताना दिसला की त्याला थांबवून कुठं निघालात, कशानं निघालात, आणि ती गाडी कशी चुकीची आहे हे सांगायचे. लोक त्यांना टाळायला मागच्या बोळानं जायचे. मी मात्र टाळू शकत नव्हतो, कारण जिना त्यांच्या ओट्यावरून होता, आणि खरं सांगायचं तर मला टाळायचंही नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमचं शेड्यूल तयार व्हायचं. कॅलेंडरच्या पाठीवर, मधे कार्बन घालून, दोन प्रती. मूळ प्रत बायकोला पोस्टानं आणि कार्बनची मला. मी एकदा म्हटलं, "काका, फोटो काढून मोबाईलवर पाठवतो की. पोस्ट कशाला?"

"मूळ प्रत वरिष्ठांना जाती," ते म्हणाले. "तुमी कार्बनवाले."

बायकोला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढी हसली की तिच्याकडे आलेली एक गाय बिचकली.

शेड्यूलमध्ये वेळा असायच्या, गाड्या असायच्या आणि खाली काकांचे नियम. पहिला नियम सामानाचा. दोघांनी मिळून एकाच माणसाचं सामान आणायचं. टॉवेल मी, साबण तिनं. चादर तिनं, पाण्याची बाटली मी. एकजण आला नाही तर दुसऱ्याची अंघोळसुद्धा धड होऊ नये, हा त्यामागचा हेतू. दुसरा नियम लॉजचा. स्टँडसमोर राहायचं नाही, भुसार बाजाराच्या मागं राहायचं, कारण तिथं व्यापारी उतरतात आणि व्यापारी ढेकणं खपवून घेत नाहीत. तिसरा, शेअर रिक्षात बसायचं, ती जिथं शेवटी थांबेल तिथं उतरायचं आणि चालत परत यायचं. गाडीत बसलं की फोन पिशवीत. आणि दोघांचा मिळून खर्च एका बऱ्यापैकी आहेराच्या वर जाता कामा नये. सगळ्यांत शेवटी लाल शाईनं लिहिलेलं असायचं, "एक भांडण तेथेच उरकावे. घरी आणू नये."

पहिल्याच खेपेला जालन्याला आम्ही रिक्षानं जाऊन शेवटी उतरलो ते थेट लोखंडाच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. धूर, सळयांनी भरलेले ट्रक, आणि आम्ही दोघं नवीन कपड्यांत. एका ट्रक ड्रायव्हरनं गाडी थांबवून काळजीनं विचारलं, "पळून आलात का?" बायको म्हणाली, "नाही, सहलीला आलोय." तो बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग त्यानंच त्याच्या डब्यातली मोसंबी काढून दिली आणि चालत परत जायचा रस्ता दाखवला. त्या रस्त्यानं येताना आम्ही पहिल्यांदा मनमोकळं बोललो, असं मला वाटतं. तिला लहानपणी काय व्हायचं होतं, मला गणित खरंतर का आवडत नव्हतं, हे सगळं त्या धुरातच एकमेकांना कळलं. नियमाप्रमाणे भांडणही झालं. रस्ता कोणी चुकवला यावर. तेही तिथंच उरकलं.

मग अकोल्याला असदगडाच्या बुरुजावर उन्हात बसून तिनं आणलेल्या दशम्या खाल्ल्या. बुलढाण्याला मी टॉवेल विसरलो आणि तिच्या ओढणीनं डोकं पुसलं. वाशीमला एका तळ्याच्या पायरीवर चारशे पानांचा गठ्ठा तपासला, निम्मे पेपर तिनं. एका पोरानं समीकरणाच्या उत्तरात "सर, माफ करा" एवढंच लिहिलं होतं. त्याला तिनं दोन गुण दिले. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

परत आलो की काका ओट्यावर वाट बघत असायचे. "रिपोर्ट द्या." काय बघितलं यात त्यांना रस नसायचा. काय चुकलं ते सांगायचं. एकदा मी म्हटलं, काहीच चुकलं नाही, सगळं वेळेवर झालं, तर त्यांचा चेहरा उतरला. "मंग ती सहल कसली," ते म्हणाले, "परवासभत्त्याचा दौरा झाला तो."

असं वर्ष गेलं. आम्ही मजेत होतो, म्हणजे महिन्यातले दोन दिवस मजेत होतो. बाकीचे अठ्ठावीस दिवस माझ्या आईचे फोन यायचे. एकानं नोकरी सोडायला हवी, असं ती म्हणायची, आणि 'एकानं' म्हणजे कोणी हे तिला वेगळं सांगायची गरज वाटत नव्हती. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत नव्हती. मी तोंडानं म्हणायचो, तुझं तू ठरव. पण ते अशा सुरात म्हणायचो की काय ठरवायचं ते तिला कळावं. राहात्यात जनावरं कमी आहेत का, खासगी प्रॅक्टिस होईल की, असंही मी एकदोनदा अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणालो. तिनं ती जागा परीक्षा देऊन, तिसऱ्या खेपेला मिळवली होती.

एक दिवस ती फोनवर म्हणाली, "राजीनामा लिहून ठेवलाय. तारीख घालायची बाकी आहे." आवाज अगदी साधा होता. मी म्हटलं, "बघ, नीट विचार कर." आणि फोन ठेवून खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या, इतका मला आनंद झाला होता.

त्या महिन्यात शनिवारी जालन्याला भेटायचं होतं. शुक्रवारी सरकारी सुट्टी आली. मला वाटलं, एक दिवस आधी निघावं, सरळ तिच्या गावी जाऊन धडकावं, तिचं सामान बांधायला मदत करावी आणि दोघांनी मिळून जालन्याला यावं. तिच्या गावी मी फक्त एकदाच, तिला रुजू करायला गेलो होतो आणि त्याच दुपारी परतलो होतो. काकांना हळूच विचारलं, "तिकडं थेट जायला पहाटेची कुठली गाडी? तिला सांगू नका."

काकांनी माझ्याकडे नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ बघितलं. मग गाडी सांगितली.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास मी तिच्या गावात उतरलो. दवाखान्याला कुलूप, शेजारच्या तिच्या खोलीलाही कुलूप. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. "म्याडम तं सकायीच गेल्या जी. नवऱ्याच्या गावाले."

"मीच नवरा," मी म्हणालो.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग तुमी इथं काय करून राह्यले?"

मी पायरीवर बसलो आणि फोन लावायला पिशवीतून काढला, तेवढ्यात एक म्हातारी पोटाशी बकरी धरून जवळजवळ पळतच आली. तिच्या मागं आणखी चार माणसं. बकरीचं पोट टम्म फुगलेलं, मान लोंबती, जीभ बाहेर. "म्याडम कुठी हायेत?" म्हातारी मलाच विचारायला लागली. समोरच्या बाईंनी सांगितलं, म्याडम नाहीत, पण हे म्याडमचे मालक आहेत. तशी म्हातारीनं बकरी सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

मी फोन लावला. बायकोनं उचलला आणि हसायलाच लागली. "अरे, कुठायस तू? मी तुझ्या दारात उभी आहे, राहात्याला. काकू म्हणतात तू पहाटेच गेलास."

"मी तुझ्या दारात आहे," मी म्हणालो. "आणि माझ्या मांडीवर बकरी आहे."

पुढच्या क्षणी तिचा आवाज बदलला. हा आवाज मी लग्नाला दोन वर्षं होत आली तरी ऐकला नव्हता. "स्पीकरवर टाक. फुगलंय कुठल्या बाजूनं? डाव्या? टिचकी मार. आवाज कसा येतो?"

"ढोलकीसारखा."

"काय खाल्लं विचार."

म्हातारी ओरडून म्हणाली, "ओला कोवळा चारा खाल्ला जी, कुंपणात घुसून."

"बरं. घाबरू नको, आजी. आणि तू, आधी तिला उभी कर, पुढचे पाय पायरीवर, मागचे खाली. समोरच्या ताईंकडून अर्धी वाटी गोडंतेल घे. तोंडाच्या कडेनं, घोट घोट. डोकं फार वर करू नको, नाहीतर श्वासात जाईल. आता डावी कूस चोळ. मुठीनं, जोरात. तुला चोळताना लाज वाटत असेल तर तिथं कोणीतरी हसत असेल, त्याला सांग तू चोळ."

खरंच एकजण हसत होता. तो एकदम गंभीर होऊन पुढं आला. माझा शर्ट तेलानं माखला होता, बकरीनं माझ्या बुटावर नको ते केलं होतं, आणि ती पाच माणसं फोनमधून येणाऱ्या आवाजाकडे असं बघत होती की जणू डॉक्टरीणबाई तिथंच उभ्या आहेत. कोणी मला एका शब्दानं विचारलं नाही. ती सांगत होती आणि तिथं ते होत होतं. पंधरा-वीस मिनिटं आम्ही चोळत राहिलो. मग बकरीनं एक लांबलचक ढेकर दिली. मग दुसरी. पोट हाताखाली मऊ व्हायला लागलं.

"दिली," मी म्हणालो.

"ऐकलं मी," बायको म्हणाली. तिच्यामागं काकूंचाही आवाज आला, "वाचली का गं?"

म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. समोरच्या बाई मला सांगायला लागल्या, की मागच्या उन्हाळ्यात म्याडम एका गाईसाठी गोठ्यातच बसून राहिल्या होत्या. की आधी इथं डॉक्टर टिकायचेच नाहीत. की पोरी आता गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणतात. म्हातारी मधेच म्हणाली, "सोमवारी म्याडम हाय ना? माह्या दुसऱ्या बकरीले दाखवाचं हाय."

फोन चालूच होता. बायको स्वतः उत्तर देणार नाही, मी काय म्हणतो ते ऐकणार, हे मला कळलं. माझा हात अजून बकरीच्या पोटावर होता.

"हो," मी म्हणालो. "सोमवारी म्याडम आहे. पुढच्या सोमवारीसुद्धा आहे."

शनिवारी ठरल्या वेळी ती राहात्याहून आणि मी दिग्रसकडून, असे उलट्या बाजूंनी जालन्याला आलो. तिनं पर्समधून राजीनाम्याचा कागद काढून माझ्या हातात दिला. "पाठकोरा आहे. गणितं सोडवायला होईल." मग चहा पिता पिता म्हणाली, "पण तुझ्या काकांची कमाल आहे. मी बुधवारी त्यांना फोन करून गाडी विचारली होती. तुला सांगू नका म्हटलं, तर खरंच सांगितलं नाही."

मी कप खाली ठेवला. मी त्यांना गुरुवारी विचारलं होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट ओट्यावर गेलो. काका रेघा ओढत होते. आत काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

"काका, तुम्हाला दोन्ही गाड्या माहीत होत्या."

"व्हय. दोघांनी गाडी इचारली, दोघांना सांगितली. त्येच माजं काम."

"आमची चुकामूक होणार हे माहीत असून?"

"चुकामूक न्हाई. दोघं येकमेकांच्या दारात पोचनार, हे म्हाईत हुतं." त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. मग बोलले ते त्या केबिनमधल्या आवाजात नव्हे, अगदी खालच्या आवाजात. "मास्तर, आमीबी असंच हुतो. मी कोपरगावला, ही नेवाशाच्या पल्याड येका वस्तीवर मास्तरीन. दर रईवारी श्रीरामपूरच्या स्टँडवर भेटायचं. भेळ खायाची, पिच्चर बघायचा, लई मजा. तीन वर्सं. पन मधल्या गावात मानूस नटून येतं, हासत येतं. त्याचं काम त्याच्या गावातच ऱ्हातं. हिची शाळा मी कदी बघितलीच न्हाई. येक दिवस ही राजीनामा दिऊन, पेटी घिऊन आली. मला येवढा आनंद झाला, की सगळ्या डेपोत पेढे वाटले मी. ही त्या दिवशी दिवसभर बोलली न्हाई. मला वाटलं, परवासानं दमली आसंल."

आत मेथीची काडी मोडल्याचा आवाज झाला. "दमले नव्हते," काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. एवढ्या वर्षांत हे त्यांच्यात पहिल्यांदा बोललं गेलं की आधीही कधी बोललं गेलं होतं, मला माहीत नाही. काकूंनी हाक मारली, "या आत, पानं निवडून घ्या," आणि काका उठून गेले. दोघं शेजारी शेजारी बसून मेथी निवडायला लागले. मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी जेवढी माया वाटली तेवढी माझ्या घरच्या माणसांबद्दलही फार वेळा वाटलेली नाही.

पुढं दीड वर्षानं बायकोची रीतसर बदली होऊन ती नगर जिल्ह्यात आली. आता आम्ही एका घरात राहतो. तोवर काकांनी आम्हाला आणखी सतरा शेड्यूलं लावून दिली, पण त्यातलं दर तिसरं मधल्या शहराचं नसायचं, तिच्या गावाचं असायचं.

त्या दिवशी ओट्यावर मी एक गोष्ट काकांना सांगितली नाही. त्या शुक्रवारी तिच्या गावी जाताना माझ्याही पिशवीत पेढे होते. आदल्या संध्याकाळी राहात्यातून घेतले होते, तिच्या राजीनाम्याचे. बकरी उठून चालायला लागल्यावर मी तो पुडा काढला आणि म्हातारीच्या ओंजळीत ठेवला.

"कायचे पेढे हायेत जी?" तिनं विचारलं.

"बकरी वाचली त्याचे," मी म्हणालो.